नेम बांधा, पण वाईट दिवसाच्या मापाने

प्रश्न : पत्र लिहिणाऱ्या ताई ५२ वर्षांच्या आहेत. धनकवडीत तिसऱ्या मजल्यावर राहतात, इमारतीला लिफ्ट नाही. सहा वर्षांपूर्वी त्यांना आमवाताचं, म्हणजे ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिसचं निदान झालं. मेथोट्रेक्सेटची गोळी आठवड्यातून एकदा, त्याशिवाय फॉलिक अ‍ॅसिड, थोडं स्टेरॉइड आणि लागेल तेव्हा वेदनाशामक गोळी असं औषध चालू आहे. दोन वर्षांपूर्वी त्यांनी प्राथमिक शाळेतली शिक्षिकेची नोकरी सोडली.

त्या लिहितात, ‘पहाटे पाचला उठून आंघोळ, रांगोळी, साग्रसंगीत पूजा हा माझा पंचवीस वर्षांचा नेम. संकष्टी कडक करायचे. पालखी आली की पुण्याहून सासवडपर्यंत चालत जायचे. गणपतीत २१ उकडीचे मोदक माझ्याच हातचे. आता पहाटे बोटंच वळत नाहीत. मागच्या महिन्यात पेटलेलं निरांजन हातातून पडलं, तेव्हापासून पूजा यजमान उरकतात आणि मी पलंगावरून बघते. नणंदबाई म्हणतात, कुलाचारात काहीतरी राहून गेलं असेल, भोग आहेत, भोगूनच संपवायचे. एका नातेवाइकांनी गोळ्या बंद करून काढा घ्यायला सांगितलाय. देव रागावलाय का माझ्यावर? घरात माझा आता काही उपयोग नाही. ज्या हातांनी देवाचंही होत नाही आणि माणसांचंही होत नाही, अशा माणसाने जगायचं कशासाठी?’

उत्तर :

ताई,

तुमच्या पत्रातलं शेवटचं वाक्य आधी घेते. ‘जगायचं कशासाठी’ हे तुम्ही उद्वेगाने लिहिलंय, की हा विचार रात्री-अपरात्री खरोखर येऊन बसतो, हे पत्रावरून मला कळत नाही. येत असेल, तर पुढचं सगळं नंतर वाचा. आधी घरातल्या एका माणसाला ते स्पष्ट शब्दांत सांगा आणि १४४१६ या क्रमांकावर फोन करा. टेलिमानस ही मानसिक आरोग्यासाठीची सरकारी सेवा आहे, मोफत आहे, चोवीस तास चालू असते आणि तिथे मराठीत बोलता येतं. तसा विचार येत नसला, पण दोन आठवड्यांहून जास्त काळ जवळजवळ रोज मन खचलेलं असेल, झोप उडाली असेल, नातवंडांत किंवा गाण्यातही जीव रमत नसेल, तर हे तुमच्या संधिवाताच्या डॉक्टरांना सांधेदुखीइतकंच ठळकपणे सांगा. आमवाताच्या पुष्कळ रुग्णांना नैराश्य येतं. सततची सूज, दुखणं आणि तुटक झोप यांच्याशी त्याचा थेट संबंध आहे आणि त्यावर उपचार आहेत. श्रद्धा कमी पडली म्हणून ते आलेलं नसतं.

आता ‘देव रागावलाय का’ याबद्दल. आमवातात शरीराची रोगप्रतिकारक यंत्रणा स्वतःच्याच सांध्यांच्या अस्तरावर हल्ला करते. त्यामागे काही अंशी आनुवंशिक कल असतो, धूम्रपानाने धोका वाढतो, आणि पुरुषांपेक्षा बायकांना हा आजार दुपटी-तिपटीने जास्त होतो. कडक संकष्टी करणाऱ्या बायकांना होतो, आयुष्यात एकही उपास न केलेल्यांनाही होतो. तुम्ही इतकी वर्षं वर्ग सांभाळलात. एखादं मूल तापाने फणफणत शाळेत आलं, तर ‘तू काल गृहपाठ केला नसशील, म्हणून ताप आला’ असं तुम्ही त्याला कधी म्हणाला असतात का? त्याचं डोकं चेपलं असतंत, घरी निरोप धाडला असता. तुमच्यासारख्या बाईंना जे सुचणार नाही, ते देवाला सुचेल असं का धरून चालता? नणंदबाईंवर रागावू नका. जवळच्या माणसाच्या दुखण्याचं कारण सापडलं नाही की माणसं काहीतरी कारण बनवतात, कारण त्याशिवाय त्यांना भीती वाटते. पण त्यांचं म्हणणं मनात मुरू देऊ नका. एवढंच म्हणा, ‘वन्सं, कारण डॉक्टरांनी सांगितलंय. तुम्ही माझ्यासाठी दोन मिनिटं प्रार्थना करा, ती मला हवी आहे.’ यात त्यांचा मान राहतो आणि विषयही तिथेच संपतो.

देवावर तुम्हाला राग आला असेल, तर तोही येऊ द्या. आपल्या संतांनी विठ्ठलाशी चांगली कडाक्याची भांडणं केली आहेत, त्याला निष्ठुर म्हटलं आहे, जाब विचारला आहे. तरीही त्यांना कुणी श्रद्धाहीन म्हटलं नाही. आजाराबद्दल देवाचे आभार माना, असं कुणी सांगितलं तर तेही मनावर घेऊ नका. दुखणं गोड मानून घेण्याची सक्ती श्रद्धेत कुठेच नाही.

तुमचं पत्र मी पुन्हा पुन्हा वाचलं. मला त्यात श्रद्धा गेल्याचं दिसलं नाही. गेलीय ती तुमची वेळ आणि तुमची पद्धत. तुम्ही सांगितलेल्या नेमांमध्ये पहाट लागते, नाहीतर बोटांची चिमूट, नाहीतर गुडघे, नाहीतर रिकामं पोट. आमवात नेमका याच चार ठिकाणी बसतो. रात्रीच्या उत्तरार्धात शरीरातली सूज वाढवणारी रसायनं चढतात, म्हणून पहाटे सांधे धरलेले असतात आणि ते सुटायला तास-दोन तास, कधी त्याहून जास्त वेळ लागतो. म्हणजे ज्या घडीला तुमचं शरीर सगळ्यात दुबळं असतं, त्याच घडीला तुम्ही स्वतःच्या भक्तीची परीक्षा घेता, रोज नापास होता आणि उरलेला दिवस ते प्रगतिपुस्तक उराशी घेऊन काढता. वेळ बदला. पंचवीस वर्षं पाच वाजता पूजा झाली म्हणून ती अकरा वाजता झाली तर देवाला चालणार नाही, असं कुठल्याही शास्त्रात नाही.

माझ्या मते दीर्घ आजारात नेम वाईट दिवसाच्या मापाने बांधावा. आपण उलटं करतो. चांगल्या दिवशी जेवढं झेपलं तेवढं प्रमाण मानतो, आणि मग आठवड्यातले चार दिवस स्वतःला दोष देत बसतो. त्याहून वाईट म्हणजे चांगला दिवस उगवला की मागचं सगळं भरून काढायला निघतो. देव घासतो, कपाट आवरतो, चार पोळ्या जास्त लाटतो. मग पुढचे तीन दिवस अंथरुणात जातात, आणि ‘बघा, देवाचं केलं तरी हे असं’ हा विचार डोक्यात शिरतो. त्यात देवाचा संबंध नसतो, एका दिवशी जास्त झालेलं असतं.

म्हणून आधी दोन आठवडे फक्त नोंद ठेवा. वहीचं एक पान घ्या, दिवसाचे चार भाग करा : उठल्यापासून नऊ, नऊ ते एक, एक ते पाच, पाच ते झोपेपर्यंत. प्रत्येक भागात दुखणं आणि थकवा यांना शून्य ते दहा असे आकडे द्या. पेन धरवत नसेल तर यजमानांना सांगा, किंवा फोनमध्ये बोलून ठेवा. मेथोट्रेक्सेटचा वार गोल करा. बऱ्याच जणांना त्या गोळीनंतरचा दिवस मळमळीचा, गळून गेल्यासारखा जातो. तुम्ही ती शनिवारी रात्री घेत असाल आणि घरातली सगळ्यात मोठी पूजा रविवारी असेल, तर दोष पूजेचाही नाही आणि तुमचाही नाही. वार बदलता येतो का, हे डॉक्टरांना विचारा. मनाने बदलू नका. ही गोळी आठवड्यातून एकदाच घ्यायची असते, चुकून रोज घेतली गेली तर जिवावर बेतू शकतं. त्यामुळे वार ठरला की तो कॅलेंडरवर लाल शाईने लिहा आणि घरातल्या दुसऱ्या माणसालाही ठाऊक असू द्या.

दोन आठवड्यांनी तुम्हाला तुमची बरी वेळ सापडेल. आमवातात ती बहुधा उशिरा सकाळी किंवा दुपारी असते. ती पूजेसाठी ठेवा. आणि सगळ्यात वाईट दिवसासाठी, अंथरुणातून हलताच येणार नाही अशा दिवसासाठी, वेगळा नेम आजच ठरवून ठेवा. तो तीन मिनिटांपेक्षा मोठा नको. डोळे मिटून देवघरातली एकेक मूर्ती मनाने आंघोळ घालून पुसायची, गंध लावायचं, फूल वाहायचं, बस. मानसपूजा आपल्या परंपरेत पूर्ण पूजा मानली आहे, ती दुय्यम किंवा आजाऱ्यांची सोय नाही. वाईट दिवशी एवढं झालं की नेम पुरा झाला, असंच धरायचं. उद्या दुप्पट करून फेडायचं नाही. चांगल्या दिवशी वाढवा, पण त्या दिवशी जेवढं झेपेलसं वाटतं त्याच्या दोन तृतीयांशावर थांबा. अजून होतंय असं वाटत असतानाच थांबायचं, ही सवय लागायला सगळ्यात कठीण असते आणि सगळ्यात जास्त तीच उपयोगी पडते. वीस मिनिटं काम केलंत की दहा मिनिटं टेका.

पहाट मात्र मोकळी राहते. बोटं धरलेली, घर झोपलेलं आणि डोक्यात सगळे वाईट विचार. त्या वेळेसाठी एक सांगते. रात्रीच थर्मासमध्ये गरम पाणी भरून ठेवायला सांगा, झाकण दाबून पाणी येतं तसला थर्मास घ्या, फिरकीचा नको. पलंगाशेजारी स्टुलावर पसरट टब आणि तांब्यात साधं पाणी. उठल्यावर दोन्ही मिसळून कोपराने बघा. अंगाला सोसेल इतपत गरम हवं, चटका बसेल असं नको. मनगटापर्यंत दोन्ही हात पाण्यात सोडा आणि पहिली दोन मिनिटं काहीच करू नका. मग बोटं सावकाश मिटायची, जिथवर मिटतील तिथवरच, आणि उघडायची. मिटताना एक नाम, उघडताना एक नाम. असं दहा वेळा. मग अंगठा एकेका बोटाच्या टोकाला लावायचा. करंगळीपर्यंत पोचला नाही तर अनामिकेवर थांबा. मूठ जबरदस्तीने आवळू नका, दुसऱ्या हाताने बोटं ओढू नका, त्याने सुजलेल्या अस्तराला आणखी इजा होते. आठ-दहा मिनिटांत पाणी निवतं, तेव्हा हात पंच्यात गुंडाळून ठेवा. डॉक्टर ज्याला हाताचा व्यायाम म्हणतात तो झाला, आणि जपही झाला. पाचला उठण्याचा तुमचा नेम मोडायचीही गरज उरली नाही. सांधा लाल, गरम, टचटचीत सुजलेला असेल, त्या दिवशी मात्र पाणी नुसतं कोमट ठेवा, हालचाल अर्धी करा.

जपमाळेचंही असंच बघा. बारीक मण्यांची १०८ ची माळ ओढताना अंगठा आणि तर्जनी यांच्या चिमटीवर सारखा जोर येतो. २७ मण्यांची स्मरणी मिळते. मोठ्या मण्यांची घ्या, ती मांडीवर ठेवून मणी तळव्याखालून सरकवा. चार फेऱ्यांत १०८ होतात. बोटात घालायचं, बटण दाबून मोजायचं यंत्र घेऊ नका, त्याने अंगठ्याचाच सांधा दुखावतो. आणि मोजलंच पाहिजे असंही नाही.

देवघर आता खाली असेल, पाटावर बसून पूजा करायचं. ते उचलून टेबलावर घ्या. तुम्ही खुर्चीत बसल्यावर कोपर काटकोनात असताना हात जिथे येतो, त्या उंचीवर देव हवेत. साधारण अडीच फुटांचं टेबल पुरतं. खुर्चीला हात हवेत, म्हणजे उठताना बोटांवर भार न देता कोपर टेकता येतात. जड पितळी समई सणापुरती ठेवा, रोज रुंद बुडाचं लहान निरांजन, तेही ताटलीत ठेवलेलं, उचलायचं नाही. ते हातातून पडलं तो अपशकुन नव्हता. चिमटीत जोर नसताना अरुंद दांडीची जड वस्तू धरली की पडणारच. काडी ओढणं जमत नसेल तर तेवढी ज्योत यजमानांनी लावावी. तयार फुलवाती आणा. सहाणेवर गंध उगाळण्यात मनगट पिरगळतं, म्हणून आठवड्याचं कुणीतरी उगाळून छोट्या डबीत ठेवावं, नाहीतर अष्टगंध वापरावं. तांब्या उचलताना कान धरू नका, दोन्ही तळव्यांच्या मधे घ्या आणि अर्धाच भरा. देव घासणं हे काम घरातल्या दुसऱ्या कुणाचं करून टाका, आणि त्यानं घासलेल्या देवांकडे बघून ‘कोपऱ्यात काळं राहिलंय’ म्हणू नका. शिक्षकांना हे अवघड जातं, पण त्यानेच तो माणूस पुढच्या रविवारी पुन्हा हात लावेल.

आता संकष्टी. इथे मी मवाळपणे बोलणार नाही. चंद्रोदय बहुतेक वेळा रात्री नऊच्या आसपास असतो. तोवर पोट रिकामं ठेवून वेदनाशामक गोळी घेतलीत, वर स्टेरॉइड चालू असेल, तर जठरात व्रण होऊन रक्तस्राव होऊ शकतो. गोळी टाळून उपास केलात, तर सूज वाढून पुढचा आठवडा जातो. स्टेरॉइडचा डोस उपासासाठी चुकवणं तर आणखी धोक्याचं, कारण ते रोज घेणाऱ्यांच्या शरीरात नैसर्गिक स्टेरॉइड बनणं मंदावलेलं असतं आणि ते एकदम थांबलं तर शरीर कोलमडू शकतं. धर्मशास्त्राचं म्हणाल, तर व्रत मोडत नाही अशा आठ गोष्टींची यादी आहे. तिच्यात पाणी, कंदमुळं, फळं, दूध आणि औषध ही नावं स्पष्ट आहेत. म्हणजे सकाळी दूध आणि केळं खाऊन गोळी घेतलीत तरी व्रत अखंड आहे. साबुदाण्याची खिचडी एका वेळेला ठीक, पण दिवसभर त्यावर राहिलात तर पोटात प्रथिनं जात नाहीत. दही, दूध, शेंगदाणे घ्या. चंद्राला ओवाळून तुम्ही जेवायला बसाल तेव्हा तुमची संकष्टी इतर कुणाहूनही कमी नसेल.

काढ्याबद्दलही तितकंच स्पष्ट सांगते. गोळ्या बंद करू नका. मेथोट्रेक्सेट चालू असताना यकृताच्या तपासण्या ठरावीक अंतराने करतात, कारण त्याचा यकृतावर ताण येऊ शकतो. त्यात भर म्हणून, कशाचा आहे हे माहीत नसलेला काढा किंवा पुडी घेतली तर तपासणीत बिघाड दिसल्यावर तो कशाचा, हे डॉक्टरांनाही कळत नाही. ‘दोन दिवसांत आराम’ देणाऱ्या काही पुड्यांमध्ये न सांगता स्टेरॉइड मिसळलेलं आढळलेलं आहे. आयुर्वेदावर तुमचा विश्वास असेल तर पदवीधर वैद्यांकडे जा, सगळ्या गोळ्यांची नावं त्यांना दाखवा आणि ते काय देतात ते संधिवाताच्या डॉक्टरांना दाखवा. दोघांपासून काही लपवू नका. त्या नातेवाइकांना एवढंच सांगा, ‘डॉक्टरांना विचारून घेईन.’

पालखीचं दुःख मला सगळ्यात खोल वाटलं. दिवेघाट चढलेल्या माणसाला टीव्हीवर दिवेघाट बघणं किती जड जात असेल, ते समजतं. पण वारकरी परंपरेतच एक गोष्ट आहे ती तुमच्यासाठी आहे असं मला वाटतं. अरणचे सावता महाराज मळा सोडून पंढरीला गेले नाहीत, असं परंपरा सांगते. आषाढीला सगळ्या संतांच्या पालख्या पंढरपूरला येतात, सावतोबांची येत नाही. पांडुरंगाचीच पालखी अरणला त्यांच्या भेटीला जाते. ज्या संप्रदायाने चालण्याला एवढं मोठं केलं, त्यानेच न जाणाऱ्यालाही हा मान दिला आहे.

आणि पुण्यात तर पालखी तुमच्या दाराजवळ येते. माउलींची पालखी भवानी पेठेत, तुकोबांची नाना पेठेत मुक्कामाला असते, दोन रात्री. मधल्या दिवशी पेठांमध्ये वारकऱ्यांसाठी चहा, नाश्ता, औषधं देणारी शेकडो मंडळं बसलेली असतात. त्यातल्या एखाद्या मंडळाला आठवडाभर आधी सांगून ठेवा की मला खुर्चीत बसून, दुपारी दोन तास, काम हवं आहे. फार जोर न लागणारं एखादं काम निवडा. राजगिऱ्याची वडी हातावर ठेवणं जमेल, पाण्याचे ग्लास भरणं नाही. गर्दीत मास्क लावा, कारण तुमची औषधं प्रतिकारशक्ती दाबणारी आहेत. घडीचं स्टूल, पाणी आणि दुपारची गोळी बरोबर ठेवा. आधीच्या आणि नंतरच्या दिवशी घरात काही मोठं काढू नका. ताप असेल तर जाऊ नका, आणि ही औषधं चालू असताना ताप आला तर तो अंगावरही काढू नका, त्याच दिवशी डॉक्टरांना कळवा. एरवी दर्शनाची ओढ लागली तर पर्वतीच्या १०३ पायऱ्यांचा हट्ट नको. दगडूशेठ गणपतीचं दर्शन रस्त्यावरूनही होतं.

तिसऱ्या मजल्याचं एक साधं तंत्र लक्षात ठेवा. चढताना बरा पाय आधी, उतरताना दुखरा पाय आधी. कठडा बोटांनी आवळू नका, त्यावर हाताचा पुढचा भाग टेकवा. सोसायटीला विचारून दुसऱ्या मजल्याच्या वळणावर एक खुर्ची ठेवून घ्या, म्हणजे बाहेर पडायची भीती कमी होईल. बाहेर न पडल्याने जेवढं माणूस खचतं, तेवढं दुखण्यानेही खचत नाही.

आता ‘उपयोग’. तुमच्या पत्रातला हा शब्द मला फार खुपला. तुम्ही माणसाची किंमत हातांनी होणाऱ्या कामांत मोजताय, तीही स्वतःपुरतीच. वर्गातल्या सगळ्यात मागे पडणाऱ्या मुलाची किंमत तुम्ही अशी कधी केली नसेल. पण नुसतं हे सांगून तुमची दुपार भरणार नाही, हेही कळतं. शिक्षकाला कुणीतरी आपल्याकडून शिकलं, असं दिसावं लागतं.

तुमची अडचण मला अशी दिसते की कुठलंही काम अंगावर घ्यायला तुम्ही घाबरता, कारण उद्या अंग कसं असेल याचा भरवसा नाही, आणि कबूल करून न करणं तुमच्या स्वभावात नाही. तेव्हा घड्याळाला बांधलेलं नसेल आणि हाताला जड नसेल, असं काम शोधा. तुमच्याकडे आवाज आहे, स्वच्छ उच्चार आहेत. दृष्टिहीन विद्यार्थ्यांसाठी पुस्तकं वाचून ध्वनिमुद्रित करून देणारे गट पुण्यात आहेत, त्यांना मराठी वाचणारे कायम हवे असतात. ते दुपारी तीनला केलं काय किंवा मंगळवारऐवजी शुक्रवारी केलं काय, चालतं. फोन मऊ कापडावर, तोंडापासून वीतभर अंतरावर ठेवा. पंखा बंद, खिडकीला पडदा. दहा-दहा मिनिटांचे तुकडे करा, प्रत्येकाच्या सुरुवातीला पुस्तकाचं नाव, प्रकरण आणि पान सांगा. तक्ता किंवा चित्र आलं तर त्यात काय आहे ते शब्दांत सांगा. ते जमायला शिक्षकच लागतो. पुस्तक धरायला कुकबुक स्टँडसारखा उतरता ठोकळा घ्या, हातात धरू नका. कुठलं पुस्तक हवं आहे हे त्या गटालाच विचारून ठरवा, नाहीतर आधीच झालेलं पुन्हा होतं.

किंवा इमारतीतलं एखादं दुसरी-तिसरीचं मूल, ज्याला वाचायचा कंटाळा आहे, त्याला दिवसातून पंधरा मिनिटं तुमच्याशेजारी बसून मोठ्याने वाचायला सांगा. तुम्ही फक्त ऐकायचं. त्याच्या आईला आधीच सांगून ठेवा की दारावर लाल रुमाल लावलेला असेल त्या दिवशी यायचं नाही. अशी खूण ठरली की ‘आज जमणार नाही’ हे सांगण्याची लाज जाते.

गणपतीतल्या मोदकांचंही आधीच ठरवून ठेवा, ऐन दिवशी रडारड नको. कळ्या पाडणं म्हणजे निव्वळ चिमटीचं काम, आणि उकड मळणं त्याहून जड. २१ मधले पाच साच्यातले तुम्ही करा, साचा तळव्याने दाबता येतो. उरलेले कुणाकडून करून घ्या किंवा विकत आणा. सारण मात्र तुमच्याच चवीचं असू दे. उंच स्टुलावर बसून, रुंद दांड्याच्या उलथन्याने, आदल्या दिवशी करून ठेवा. सुनेला किंवा मुलीला शेजारी बसवा आणि खोबरं-गुळाला कुठल्या रंगावर उतरवायचं ते दाखवा. पंचवीस वर्षांत ते फक्त तुमच्या हातांना माहीत होतं.

तुमच्या यजमानांसाठीही थोडं लिहिते, हे त्यांना वाचून दाखवा. साहेब, पूजा घाईत उरकू नका. अकरा वाजता ताईंच्या शेजारी खुर्ची ओढून बसा, ज्योत तुम्ही लावा, फुलं त्यांना वाहू द्या. त्या करत असताना मधेच हातातून वस्तू काढून घेऊ नका. वेळ लागतो, लागू द्या. ‘काही हवंय का’ असं विचारलंत तर त्या नाहीच म्हणणार, म्हणून ‘डब्याचं झाकण उघडून देऊ की थर्मास भरून ठेवू’ असं नेमकं विचारा. आणि पुढच्या वेळी डॉक्टरांकडे जाताना बरोबर जा, दोन आठवड्यांची नोंदवही घेऊन. चार प्रश्न त्यावरच लिहून ठेवा : सकाळचा ताठरपणा दोन तासांवर गेला आहे, औषध बदलायचं का? मेथोट्रेक्सेटचा वार बदलता येईल का? स्टेरॉइड किती काळ चालणार आणि हाडांसाठी काय घ्यायचं? मन खचलंय, त्यासाठी कुणाकडे पाठवाल? घाईच्या ओपीडीत हे तोंडी आठवत नाही. कागद टेबलावर ठेवा, म्हणजे चारही प्रश्नांची उत्तरं मिळाल्याशिवाय उठायचं नाही हे डॉक्टरांनाही दिसेल.